तात्या, तुमची टेप अजून आमच्याकडेच आहे

आदरणीय तात्या,
सप्रेम नमस्कार.

घरपट्टीच्या कामात मदत केलीत म्हणून दिलेलं पाकीट तुम्ही घेतलं नाहीत. पेढे घेतलेत, ते आमच्याच अंगणात खेळणाऱ्या पोरांना वाटून टाकलेत. म्हणून हे पत्र. मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण आपल्या गल्लीत अजून बऱ्याच घरांत ती वाढीव घरपट्टीची नोटीस देवघरामागे नाहीतर लाइट बिलांच्या गठ्ठ्यात खोचून ठेवलेली आहे.

नोटीस आली त्या दिवशी मी फक्त शेवटचा आकडा वाचला. घरपट्टी २,१४० वरून ९,२३४. आईनं हातातली कात्री खाली ठेवली. मी तावातावानं दोन पानी अर्ज लिहिला. बाबा गेले, महागाई वाढली, गटारीचं पाणी दारात येतं, खांबावरचा दिवा आठ-आठ दिवस लागत नाही. सगळं खरं होतं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून तो वाचलात आणि म्हणालात, "छान लिहिलंयस, पेपरात दे. ही तक्रार झाली. आपल्याला हरकत घ्यायचीय."

शेजारच्या तालुक्याच्या नगरपरिषदेत कर विभागात तुमचा जन्म गेला. तुमच्या लेखी ही गोष्ट साधी असेल, माझ्यासाठी नव्हती. पट्टी फार झाली म्हणून सुनावणीला बसलेला साहेब ती कमी करत नाही. कराचे टक्के त्याच्या हातात नसतात. त्याच्या हातात यादीतले रकाने असतात: क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, करयोग्य मूल्य (ज्या रकमेवर कर बसतो ती). "रकाना चुकला असेल तर बोल. नाहीतर पैसे भर आणि गप्प बस," इतकं स्पष्ट तुम्हीच सांगू जाणे.

चार वर्षांनी होणारी आकारणी, नगरपरिषद कायद्याच्या कलम ११९ ची नोटीस, हरकतीला ३० दिवस. त्यातले एकवीस मी चरफडण्यात घालवले होते. तुम्ही मला दुसऱ्याच दिवशी पालिकेत पिटाळलंत, आमच्या घराच्या आकारणीचा उतारा काढायला. तिथे तीन हेलपाटे झाले, ते सोडून देते. पण तो कागद हातात आला आणि सगळा उलगडा झाला. खाली ७३० चौरस फूट राहतं घर, ११० चौरस फूट दुकान, वर ८४० चौरस फूट राहता मजला.

आमच्या घराला वरचा मजलाच नाही! गच्ची गळते म्हणून बाबांनी चार पाइप रोवून पत्रा टाकला होता, त्याखाली आई पापड वाळवते. पालिकेच्या सर्वेतल्या ड्रोनला वरून छप्पर दिसलं, त्यानं मजला धरला. खालचं मापही छज्ज्यांसकट, पत्र्याच्या कडेपासून कडेपर्यंत. आणि दुकान म्हणजे आईची शिवणकामाची खोली. मशीन विकून सहा वर्षं झाली, पण 'ब्लाउज, फॉल-पिको' ही पाटी दारावर तशीच होती. सर्वेवाल्या पोरानं पाटीचा फोटो काढला, दार काही वाजवलं नाही.

तुम्ही स्वतः येऊन घर मोजलंत, ती संध्याकाळ माझ्या मुलाच्या अजून तोंडी आहे. टेपचं टोक त्याच्या हातात, "झिरो भिंतीला दाब, ढिला सोडू नको," आणि कानावरची पेन्सिल काढून तुम्ही सिगारेटच्या पाकिटावर आकडे मांडताय. (सिगारेट सोडलीत म्हणता, पाकीट कुठून आलं ते विचारत नाही.) माप भरलं ७६०. मग दुधाच्या हिशेबाच्या वहीत तुम्ही मला पालिकेचं गणित करून दाखवलंत. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला काय येईल, त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा. ७६० चौरस फूट गुणिले फुटाला महिन्याचं दीड रुपया भाडं गुणिले बारा महिने, वजा दहा टक्के: १२,३१२. नोटिशीत करयोग्य मूल्य होतं ३०,७८०, कारण त्या खोलीला दुकान म्हणून साडेचार रुपयांचा दर लागला होता आणि वर तो हवेतला मजला.

दोन पानांचा अर्ज सात ओळींचा झाला. सोबत पत्र्याचे चारी बाजूंनी फोटो, लाइट बिल (त्यावर 'घरगुती' लिहिलंय हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं), मोजमापाचा हातानं काढलेला नकाशा, चालू पट्टीची पावती. जुनी बाकी आधी भरायला लावलीत ते बरं केलंत. माझ्या पुढच्या माणसाला साहेबांनी पहिला प्रश्न थकबाकीचाच विचारला. आणि आवकचा शिक्का आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हेही.

सुनावणीला तुम्ही आत आला नाहीत. "घर तुझं, बोलायचं तू," म्हणून बाहेर बाकावर बसलात. आत जेमतेम तीन मिनिटं. लोड-बेअरिंगचा मुद्दा (घर आरसीसी खांबांवर नाही, भिंतींवर उभं आहे, तेव्हा बांधकामाचा प्रकार चुकलाय) तुम्ही लिहू नको म्हणाला होतात, मी हट्टानं घातला होता. साहेबांनी "स्लॅब आहे ना?" एवढंच विचारलं आणि तो खोडला. बाकीचे तिन्ही मान्य. बाहेर येऊन सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "तीन मिळाले ना? चौथ्यासाठी अपील समितीकडे जायची हौस आहे का?"

नव्हती.

तरी बिल आलं ते ९,२३४ चंच! कॉम्प्युटरला निकाल चढवलाच नव्हता. हे होणार, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, म्हणून निकालाची नक्कल माझ्या पिशवीतच होती. आता पट्टी ३,६९४ आहे. पहिल्यापेक्षा जास्तच, पण आमच्याच घराची आहे.

पाटी काढली. आईनं ती फेकू दिली नाही, माळ्यावर ठेवलीय.

टेप मात्र लगेच परत करता येत नाही. कोपऱ्यावरच्या वहिनींचा उतारा आलाय, त्यांच्याकडे गोठ्याला खोली धरलंय. शनिवारी आम्ही मोजतोय, रविवारी सकाळी आणून देते. चहा तुमच्याकडे.

तुमची,
समोरच्या घरातली