नळीतली ऊब

प्रिय चिमणे,

परवा फोनवर तू विचारलंस, "इतकी वर्षं नेमाने जातेस रक्त द्यायला, तुला त्यातून मिळतं तरी काय गं?" आणि मी पटकन म्हणून गेले, "समाधान." फोन ठेवल्यावर चुटपुट लागून राहिली. तू मनापासून विचारलं होतंस आणि मी शिबिराच्या फलकावरचा शब्द उचलून तुझ्या हातात ठेवला. आपण शेजारी बसून पाटीवर अक्षरं गिरवली आहेत, तुला तरी खरं उत्तर मिळायला हवं. फोनवर ते जमलं नसतं, म्हणून लिहायला बसले आहे. लांबेल, निवांत वाच.

आधी सगळ्यात लहान गोष्ट. सुई आत जाताना मी अजूनही बघत नाही. पहिल्या खेपेला छताकडे बघत होते आणि मागच्या महिन्यात, विसाव्या खेपेलाही छताकडेच. पूर्वी याची लाज वाटायची. मग ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांच्याबद्दल वाचनात आलं. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि पोटातल्या बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर बाळाला धोका असू शकतो. तो टाळणारं औषध ज्यातून बनतं ते दुर्मीळ प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, त्यांच्या रक्तात होतं. या माणसाने १९५४ ते २०१८ या काळात, वयाच्या ८१ व्या वर्षापर्यंत, ११०० हून जास्त वेळा हात पुढे केला. आणि सुई टोचताना त्यांनी तिकडे बघणं कायम टाळलं. ते वाचल्यापासून मी निर्धास्त छताकडे बघते.

तर, सुई बसली की सिस्टर नळी चिकटपट्टीने हाताला लावून देतात. नळी कातडीला टेकते आणि गरम लागते. पहिल्यांदा मी दचकलेच. आपलं रक्त गरम असतं हे कुणाला ठाऊक नाही? पण आपली ऊब आपल्याला बाहेरून कधी लागत नाही. तापात कपाळावर हात ठेवला तरी हातही तेवढाच तापलेला, काही कळत नाही. इथे मात्र बोटाएवढ्या पट्ट्यात माझीच ऊब मला परक्या कुणाची तरी असावी तशी लागत होती. खाली एका छोट्या यंत्रावर पिशवी हलकेच डुलत असते, आतल्या द्रवात रक्त मिसळत राहावं आणि गोठू नये म्हणून. हातातला रबरी चेंडू दाबायचा, सोडायचा, दाबायचा. ३५० नाहीतर ४५० मिलिलिटर, आठ-दहा मिनिटांत संपतंही. त्या आठ-दहा मिनिटांत मला कुणी काही मागत नाही. माझ्याकडून जे हवं आहे ते आपोआप जात असतं.

आता मूळ गोष्टीकडे येते. आईच्या ऑपरेशनच्या वेळी तू रोज संध्याकाळी फोन करायचीस, म्हणून बरंच तुला माहीत आहे. दादाशी माझं किती बिनसलं होतं तेही. पण वहीचं मी तुलासुद्धा सांगितलं नव्हतं. हिशेब लिहिणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे दवाखान्यातही मी वही ठेवली होती. तारीख, कशासाठी, किती, आणि शेवटचा रकाना 'कोणी'. औषधं कोणी आणली, रात्री कोण थांबलं, डॉक्टरांशी कोण बोललं. त्या शेवटच्या रकान्यात माझं नाव जास्त वेळा यायचं आणि ते मोजण्यात मला एक कडवट गोडी वाटायला लागली होती. पुढेमागे ही वही दादासमोर ठेवायची, असं मनात पक्कं होतं.

ऑपरेशननंतर आईला चार पिशव्या रक्त चढवलं. चौथी लागली तेव्हा रात्रीचे दोन वाजले असतील. मी स्टुलावर बसून ती पिशवी वाचत होते, कारण दुसरं वाचायला काही नव्हतं. रक्तगट, एक लांबलचक क्रमांक, रक्त घेतल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख. बस्. मी सवयीने वही उघडली आणि लिहिलं, 'रक्त, ४ पिशव्या'. आणि 'कोणी' या रकान्याशी पेन थांबलं. तिथे लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. चार माणसं कधीतरी कुठेतरी आडवी झाली, चेंडू दाबला, उठून घरी गेली. आमचं भांडण त्यांना ठाऊक नाही, आईचं नाव ठाऊक नाही. त्यांच्यावाचून ती रात्र निघाली नसती. तो रकाना कोराच राहिला.

आई त्यानंतर सहा वर्षं होती. तांबड्या पेशीचं आयुष्य १२० दिवसांच्या आसपास असतं. म्हणजे त्या चौघांचं रक्त तिच्या अंगातून काही महिन्यांतच सरलं असणार आणि पुढचं सगळं तिचं स्वतःचं. पण तिथवर तिला कुणीतरी नेऊन सोडलं, हे खरंच ना.

आई घरी आल्यावर महिन्याभराने मी रक्तपेढीत गेले. तेव्हा मनात परतफेडीचंच होतं, चार घेतल्या तर चार द्यायच्या. त्यांनी बोटाला टोचलं आणि रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडला. हिमोग्लोबिन पुरेसं असेल तर थेंब तळाला जातो. माझा मधेच रेंगाळला आणि वर आला. निदान १२.५ लागतं, माझं जेमतेम १०.८ भरलं. चिमणे, मला रडूच आलं. वाटलं, देवापुढे ठेवलेलं कुणी परत हातात दिलं. तिथल्या डॉक्टर बाई फार चांगल्या होत्या. त्यांनी शेजारी बसवून विचारलं, "जिना चढताना धाप लागते का? दुपारी गळून जायला होतं का?" दोन्ही होतं, कितीतरी वर्षं होतं. मी ते वयावर आणि कामावर ढकलत आले होते. पुढे तपासण्या झाल्या, कारण सापडलं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पाच महिन्यांनी परत गेले तेव्हा थेंब बुडाला. तो तळाशी जाताना मी डोळे भरून बघितला.

तेव्हा मला मिळालेली पहिली गोष्ट ही, की मला माझ्या अंगाचा पत्ता लागला. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा पाठ असलेल्या आपण बायका, आपलं हिमोग्लोबिन किती हे विचारलं तर गप्प होतो. तूही होशील, खात्री आहे मला. आता वर्षातून दोन-तीनदा रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन कुणीतरी बघतं आणि मला त्यासाठी ताजंतवानं राहावं लागतं. रक्त दिल्याने हे आजार टळतात, ते आजार टळतात, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. मी त्या भरवशावर देत नाही, तूही देऊ नकोस. उलट एका पिशवीबरोबर २०० मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं आणि ते भरून यायला रक्तापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून बायकांनी दोन खेपांत चार महिने जाऊ द्यावेत हे बरं.

एक गोष्ट ओझरती सांगते, पण मला ती मोठी वाटते. रक्त घेण्याआधी एका बाजूला बसवून प्रश्न विचारतात. ताप, औषधं, गोंदण, काविळीचा इतिहास, अगदी खासगी नात्यांपर्यंत. घेतलेलं रक्त एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी वगैरेंसाठी तपासतात हे खरं. पण लागण झाल्यावरचे सुरुवातीचे काही दिवस चाचणीत काही दिसत नाही. तेवढ्या फटीत भिस्त असते ती समोरच्याच्या खऱ्या बोलण्यावर. माझा शब्द कुणी पडताळून बघणार नाही आणि तरी त्यावर कुणाचा तरी जीव टांगलेला, असं दुसरीकडे मला कुठे अनुभवाला आलं नाही. त्या खुर्चीत बसून मी एकदाही खोटं बोललेले नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी एका संध्याकाळी रक्तपेढीतून फोन आला. लहान मुलासाठी प्लेटलेट्स हव्या आहेत, येऊ शकाल का? मी तशीच निघाले. यात हातातून रक्त यंत्रात जातं, यंत्र ते गरगर फिरवून प्लेटलेट्स वेगळ्या काढतं आणि उरलेलं परत अंगात सोडतं. दीड तास तरी जातो. मधेच ओठांना मुंग्या आल्या. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट नावाचं एक मीठ मिसळतात, ते थोडं आपल्यातही येतं आणि रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. त्यांनी कॅल्शियमची गोळी चघळायला दिली, मुंग्या ओसरल्या.

झाल्यावर तिथल्या तंत्रज्ञाने पिशवी मला दाखवली. रक्त म्हणावं असं काहीच नाही, फिकट पिवळं पाणी. मग त्याने ती उजेडाकडे धरून हलकेच घोळवली आणि आत चंदेरी लाटा उठल्या, रेशमी पदर उन्हात हलवल्यासारख्या. "अशा चमकल्या म्हणजे चांगल्या आहेत बघा," तो म्हणाला. त्या फ्रिजमध्ये न ठेवता २० ते २४ अंशांत सतत हलवत ठेवतात आणि पाच दिवसांत वापरून टाकाव्या लागतात.

दोन दिवसांनी मी फोन केला, मूल कसं आहे म्हणून. "ते सांगता येत नाही हो ताई." आठवड्याने पुन्हा केला, पुन्हा तेच. मी चिडले. नुसतं 'बरं आहे' एवढं सांगायला काय जातं? मुलगा की मुलगी, एवढं तरी? रात्री झोप येईना. मी दीड तास दिला, मी धावत गेले, मला एवढंही कळू नये? आणि हे 'मी, मी' ऐकताना मला माझाच जुना आवाज ओळखू आला. वहीतला आवाज.

नंतर मी या विषयावर थोडं वाचलं. १९०१ साली कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट दाखवून दिले, त्याआधी एकाचं रक्त दुसऱ्याला तारेल की मारेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पण गट कळल्यावरही रक्त साठवता येत नव्हतं. देणारा आणि घेणारा शेजारी शेजारी झोपायचे, एकाची रक्तवाहिनी दुसऱ्याच्या रक्तवाहिनीला जोडायचे. १९१४ मध्ये सायट्रेट वापरात आलं आणि मग बाटलीत रक्त घेता यायला लागलं. म्हणजे त्याआधीच्या प्रत्येक देणाऱ्याने घेणाऱ्याचा चेहरा पाहिला होता. ज्याने माझ्या ओठांना मुंग्या आणल्या त्याच मिठाने आम्हा दोघांना एकमेकांपासून वेगळं केलं होतं. त्यामुळेच तर आईसाठी रात्री दोन वाजता रक्त तयार होतं, देणारा शेजारच्या खाटेवर हजर नसताना.

त्या मुलाच्या उशाशीही कुणीतरी बसलं असेल. कदाचित त्याने किंवा तिने पिशवी वाचली असेल. क्रमांक, गट, दोन तारखा. मी तिथे कोऱ्या रकान्यात होते. हे जाणवलं तेव्हा इतकं हलकं वाटलं की काय सांगू. घरात, ऑफिसात, नात्यांत, माझ्या प्रत्येक देण्याची कुठेतरी नोंद असते. कुणी ठेवली नाही तर मी ठेवते. इथे ती ठेवताच येत नाही. आभार यायला वाट नाही, उपकार आठवून द्यायला माणूस नाही.

त्या रात्री मी ती वही कपाटातून काढली. दादाला फोन केला. वहीबद्दल एक अक्षर बोलले नाही. त्याच्या गुडघ्याचं विचारलं, त्याने पाऊण तास सांगितलं. वही अजून आहे, पण तिची बेरीज मी पुन्हा केलेली नाही.

तू विचारलंस काय मिळतं, तर चिमणे, हे मिळालं. आणि नळीची ती ऊब, ती दर खेपेला मिळते.

तू म्हणालीस, मलाही यावंसं वाटतं, पण चक्कर आली तर? येऊही शकते, काही जणांना येते. मला एकदा आली होती, रिकाम्या पोटी गेले होते म्हणून. पाय वर करून दहा मिनिटं पडून राहिले, झालं. एकदा लगेच जड पिशवी उचलली आणि कोपराशी आठ दिवस काळंनिळं राहिलं. यापलीकडे मला काही झालेलं नाही. गेलेला द्रव एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशी चार-सहा आठवड्यांत. आदल्या रात्री पुरेशी झोप, पोटभर जेवण, निघण्याआधी पाणी, सैल बाह्यांचे कपडे. पण त्याच्याही आधी हिमोग्लोबिन तपासून घे आणि कमी आलं तर माझ्यासारखी रडू नकोस, डॉक्टरांकडे जा.

माझे चार महिने अजून तीन महिन्यांनी पुरे होतात. तोवर तुझी तयारी झाली तर एकाच दिवशी जाऊ. तिथे खाटा शेजारी शेजारी असतात. मी डावा हात देते, त्या हाताची शीर चटकन सापडते. तू उजवा दिलास तर मधल्या बाजूला आपली तोंडं एकमेकींकडे होतील आणि छताकडे बघायची गरज पडणार नाही.

तुझीच,
वर्गातली शेजारीण