कुत्र्याचं पिल्लू घेण्याआधी: सभासदांसाठी सूचना
सभासदहो, ग्रुपवर ‘चांगला ब्रीडर (पैदास करून पिल्लं विकणारा) सुचवा’ अशी विचारणा वरचेवर होते, म्हणून हे एकदाच सविस्तर.

फोटोवर भाळून अॅडव्हान्स पाठवू नका. स्वतः जा आणि पिल्लू आईसोबत असतानाच पाहा. आई अंगावर धावून येते, कोपऱ्यात दबून बसते की शेपटी हलवत जवळ येते, यावरून पिल्लाच्या स्वभावाचा बराच अंदाज येतो. त्यांच्या जागेत जमिनीवर जुनी घाण साचलेली दिसली तर आणखी काही विचारायची गरजच नाही. ‘आई दुसरीकडे ठेवलीय, पिल्लू वाटेत आणून देतो’ म्हणणाऱ्याला सरळ नमस्कार करा.

8 आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. जंताचं औषध आणि लसींची नोंद असलेलं, डॉक्टरांच्या सहीचं कार्ड मागा. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर आईबापाच्या खुब्याच्या एक्स-रेचा रिपोर्टही पाहा. वंशावळीचा कागद म्हणजे तब्येतीची हमी नव्हे.

चांगला ब्रीडर उलट तुमचीच चौकशी करतो: दिवसभर घरी कोण असतं, आधी कुत्रा पाळलाय का? राग मानू नका. पुढे सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू परत घेणार का, हे मात्र लेखी घ्या.