सिंह फासाखाली बसतो!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इजिप्तच्या चित्रलिपीवरचा लेख वाचला. युनिकोडच्या, म्हणजे संगणकावर प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाच्या, १६व्या आवृत्तीत या लिपीची ३,९९५ नवी चिन्हे आली, याचा आनंद मलाही आहे. पण लेखकमहाशय म्हणतात, हायरोग्लिफ (हीच ती चित्रचिन्हे) संगणकावर 'प्रथमच' आले. अहो, पहिली १,०७१ चिन्हे २००९ सालीच आली. मला पक्के आठवते, कारण त्यांनी मला साडेतीन हजारांना बुडवले.

तेव्हा माझे डीटीपीचे दुकान होते. २०१२ मध्ये एका सहल कंपनीची इजिप्तवरची पुस्तिका आली. त्यात इजिप्तचा प्राचीन राजा टॉलेमी याचे नाव त्याच्या लिपीत हवे होते. हौसेने फाँट मिळवला, चिन्हे टाइप केली, तर सगळी रेशनच्या रांगेसारखी एकामागे एक उभी! खऱ्या लेखनात 'प'च्या चौकोनाखाली पावाचे चिन्ह येते आणि दोरीच्या फासाखाली सिंह बसतो. शेजारच्याच पानावर, हेच नाव कोरलेल्या इजिप्तच्या रोझेटा शिलालेखाचा फोटो. ग्राहकाने भिंग लावून ताडून पाहिले आणि बिल कापले. शेवटी कोरल या चित्रे जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सिंह उचलून फासाखाली नेऊन बसवला, तोही फुकटात.

युनिकोडने चिन्हे दिली होती, ती एकावर एक रचायची सोय दिली नव्हती. अभ्यासक मंडळी १९८८च्या 'मॅन्युएल द कोदाज' या चित्रलिपी टाइप करायच्या संकेतपद्धतीप्रमाणे दोन चिन्हांच्या मध्ये कोलन टाकून हे काम बिनबोभाट उरकत होती म्हणे. पण ते पेठेतल्या डीटीपीवाल्याला कोण सांगणार? रचनेची नऊ नियंत्रक चिन्हे २०१९ मध्ये आली, तीही ज्या फाँटला समजतात त्यालाच उपयोगी. आपल्या लेखात यावर एक ओळ नाही. उलट नमुना म्हणून छापलेल्या नावात सिंह पुन्हा रांगेत, आणि त्याच्यापुढे दोन रिकामे चौकोन. ते चौकोन म्हणजे इजिप्तचा 'प' नव्हे, फाँट नसल्याची खूण आहे, एवढे तरी वाचकांना सांगायचे होते.

जाता जाता. त्याच अंकात पान पाचवर मथळा आहे, 'सह्याद्रीच्या दर्यांमध्ये मुसळधार'. सह्याद्रीत दर्या कधी शिरला? दऱ्यांमधला अर्धा र आपल्या संगणकावर केव्हाचा येतो; नुक्तावाल्या ऱ-ला हलन्त जोडायचा, झाले. त्यासाठी कोणत्याही नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागत नाही.

मुद्रितशोधकाची जागा रिकामी असल्यास कळवावे. मी सकाळी अकरापर्यंत मोकळा असतो.

आपला,
एक निवृत्त डीटीपीवाला, पुणे