पंगतीच्या मावशींना, बाईंकडून

मावशी,

माझ्या पाचवीला गणित तुम्ही शिकवलंत, हे खरं तर तोंडावरच सांगायला पाहिजे होतं, पण दोनदा सांगायला आले आणि दोन्ही वेळा तुम्ही "काय बाई, थट्टा करता गरिबाची" म्हणत पातेलं घासायला निघून गेलात. म्हणून आता सगळ्यांसमोर इथं लिहितेय. सूनबाईंकडे मोबाईल आहे, त्या वाचून दाखवतील आणि तेव्हा पळता येणार नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमची सिन्नर तालुक्यातली दोनशिक्षकी शाळा, पहिली ते पाचवी मिळून पट ४१, आणि मावशी आमच्याकडे पोषण आहार शिजवतात. मानधन किती आणि ते कधी हातात पडतं हे ज्यांच्या शाळेत खिचडी शिजते त्यांना मी वेगळं सांगायला नको.

तर झालं असं की मी पाचवीला विभाजक आणि विभाज्य शिकवत होते. शिकवत होते म्हणजे काय, फळ्यावर व्याख्या लिहून घोकून घेत होते. आता तुम्हीच बघा, भाज्य, भाजक, भागाकार, विभाजक, विभाज्य, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे पाच शब्द, आणि दहा वर्षांच्या पोरानं ते न गोंधळता पाठ करायचे. पोरं बिचारी करायची पण! "बाकी शून्य उरते तेव्हा भाजक हा भाज्याचा विभाजक असतो" हे एका सुरात म्हणायची, आरती म्हणतात तसं, आणि मग १२ चे विभाजक लिहा म्हटलं की अर्धा वर्ग १२, २४, ३६, ४८ लिहून मोकळा, म्हणजे बाराला भाग घालवणाऱ्या संख्या सोडून बाराचा पाढा, विभाज्य. मी चिडायचे, खोडायचे, परत व्याख्या. आठ दिवस हेच. खोटं कशाला बोलू, मला वाटायला लागलं होतं की ही बॅचच कच्ची आहे.

आणि मग तो पावसाचा दिवस. हजेरी ३७. मी पोषण आहाराच्या ॲपवर आकडा भरत बसले होते आणि शेडमधून तुमचा आवाज आला, "आज काय पंगत बसत न्हाई बघा बाई. काल छत्तीस होती तर कशी चार वळींत नऊ नऊ बसली. आज एक आगाव आलं नि सगळा इस्कोट."

मी आपलं उगाच म्हटलं, अहो मग पाच ओळी करा. तुम्ही मान हलवली. "पाच केल्या तरी दोन उरत्यात. सहा केल्या तरी एक उरतंय. सदतीस कशातच बसत न्हाई. येक तर सगळ्यांची येकच लांब वळ करा, न्हाईतर ज्याची त्याची येगळी वळ." आणि पहिलीतलं ते वर आलेलं एक पोरगं उचलून तुम्ही चुलीजवळ पाटावर बसवलंत, त्याच्या ताटात आधी वाढलंत, आणि उरलेल्या छत्तीसांच्या चार ओळी लावल्यात.

मी मोबाईल हातात धरून तशीच बसले. मूळ संख्येची व्याख्या याच्यापेक्षा चांगली मला डीएडला कुणी सांगितली नव्हती. प्रशिक्षणं तर किती झाली, चार्ट झाले, पीपीटी झाले, एका साहेबांनी तर दोन तास विभाज्यतेच्या कसोट्यांवर घालवले आणि शेवटी चहा थंड झाला म्हणून ओरडले, ते एक सोडून देऊ.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडलंच नाही. पाचवीला म्हटलं, चला शेडमध्ये, आज पंगत तुम्ही लावायची. हजेरी परत ३६. अट एकच, सगळ्या ओळी सारख्या. पोरांनी कशा कशा बसवल्या! दोन ओळी अठराच्या, तीन बाराच्या, चार नवाच्या, मग एक म्हणे सहा सहाच्या सहा, मग कोणीतरी सगळ्यांना एकाच ओळीत बसवलं तर शेवटचं पोर शेडच्या बाहेर पावसात गेलं. मी फळ्यावर जोड्या लिहीत गेले, १ आणि ३६, २ आणि १८, ३ आणि १२, ४ आणि ९, आणि शेवटी ६ आला तर त्याला जोडीदारच मिळेना. त्यावर आमचा तो बोलघेवडा म्हणतो, "बाई, सहाचं लग्न सहाशीच लागलं!" आता छत्तीसला नऊच विभाजक का, त्यांची संख्या सम का नाही, हे मला परत कधी शिकवायची वेळ येणार नाही.

मग भांडण लागलं की चार ओळी नऊच्या आणि नऊ ओळी चारच्या हे एकच की वेगवेगळं. मी सांगणार होते की गुणाकार एकच येतो. तुम्ही मध्येच म्हणालात, "तुमच्या फळ्यावर येक आसंल, माझ्यासाठी येगळं हाय. येका बादलीत नऊ पोरांची खिचडी मावती. नऊच्या वळी आसल्या तर चार खेपा, बादली रिकामी नि वळ संपली." त्या बादलीनं तर माझं सगळं कामच केलं. एक बादली ९, दोन १८, तीन २७, चार ३६. म्हणजे नवाचे विभाज्य हो! पोरांना ते त्या क्षणी कळलं, कारण पाढा कुठवर नेणार तर जोवर पोरं येतायत तोवर, बादल्या काय भरत राहता येतात. विभाजकांचं तसं नाही, ते हजेरीच्या पुढं जाऊच शकत नाहीत, छत्तीस पोरांत चाळीसाची ओळ कुठून आणणार. तेव्हापासून वर्गात विभाजक म्हणजे "ओळी" आणि विभाज्य म्हणजे "बादल्या". १२ चे विभाजक विचारले आणि कोणी २४ म्हणालं की बाकीची ओरडतात, "ती बादली आहे, ओळ सांग!" वहीत पुस्तकातले शब्द लिहायचे हे पण सांगितलंय, नाहीतर उद्या तपासणीला आलेले साहेब बादली वाचून माझाच हिशोब घेतील.

अजून एक तुम्हाला माहितीच नसेल. तुम्ही ताटं सहा सहाच्या थप्पीनं आणता आणि खिचडी नऊ नऊची. चौथीतल्या एका मुलीच्या लक्षात आलं की वाढताना अठराव्या पोरापाशी तुम्ही थांबता, पदरानं तोंड पुसता आणि मग पुढं जाता. तिनं कारण शोधलं, अठराला ताटांची थप्पी पण संपते आणि बादली पण. आधी नाही, नंतर परत छत्तीसला. मी हे नुसतं बघत राहिले, कारण हाच लसावि, म्हणजे लघुत्तम सामाईक विभाज्य, पुढच्या वर्षी सहावीत माझ्या पोरांना छळणार आहे. गेल्या वर्षीची मुलं मोठ्या शाळेतून येऊन सांगतात ना, लघुत्तम म्हणजे लहान म्हणून आम्ही लहान आकडा लिहिला आणि चुकलं. ६ आणि ९ चा महत्तम सामाईक विभाजक ३ आणि लघुत्तम सामाईक विभाज्य १८, नावात महत्तम तो छोटा आणि लघुत्तम तो मोठा, पोरांनी करायचं काय! आता निदान ह्या बॅचला एवढं दिसलंय की ३ ही ओळ आहे आणि १८ ही बादली, त्यामुळे कोण मोठा याचं त्यांना आश्चर्य वाटत नाही.

सगळं जमलं असंही नाही हं. ३९ हजेरी आली त्या दिवशी सगळ्यांनी ठासून सांगितलं मूळ संख्या, आणि तुम्ही गप तेराच्या तीन ओळी लावून दाखवल्यात. ५१ ला तर अजून दोघं फसतात. आणि एकच पोरगं आलं तर १ मूळ संख्या का नाही, यावर अख्खा तास गेला. शेवटी पोरांनीच काढलं, सदतीसला बसायचे दोन प्रकार आहेत, एक लांब ओळ नाहीतर सदतीस ओळी, पण एकट्याला एकच प्रकार, तो कसाही बसला तरी तीच पंगत.

मावशी, तुम्ही म्हणता ना छत्तीस आली की जीव खूश होतो. आम्ही शिकलेली माणसं भांडणाला छत्तीसचा आकडा म्हणतो, ३ आणि ६ पाठ फिरवून बसलेत म्हणून. पण आपल्या जवळच देवळालीला कापरेकर नावाचे एक शाळामास्तर होऊन गेले, अंकांचे वेडे. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो तिला त्यांनी हर्षद नाव दिलं, म्हणजे आनंद देणारी. ३ आणि ६ नऊ, आणि नवानं छत्तीसला भाग जातो चार वेळा. तुमच्या चार बादल्या. ते मास्तर आपल्या शेडमध्ये आले असते तर तुमच्याशी बोलत बसले असते, माझ्याशी नाही.

मी आठ दिवस पोरांना कच्ची म्हणत होते त्याची मला लाज वाटते, आणि ती लाज तुम्ही न बोलता झाकलीत, त्या चुलीजवळच्या पाटावर. त्याबद्दल मनापासून आभार.

आणि हो, उद्या गणवेश वाटप आहे, म्हणजे झाडून सगळी येणार, ४१. पंगत बसायची नाही हे पाचवीनं आजच सांगून ठेवलंय. पण कुणाला चुलीजवळ बसवू नका, मी बसते पोरांत, म्हणजे सातच्या सहा ओळी होतील. तेवढं एक ताट जास्त काढून ठेवा.

तुमच्या बाई