अण्णांना विचारून ठरवूया

॥ श्री ॥

आइंडहोवन, नेदरलँड्स
रविवार, 16 नोव्हेंबर 2025

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, मी बरी आहे. अण्णांच्या आजाराबद्दल फोनवर बोलताच येत नाही म्हणून लिहायला बसले. मी फोन केला की तो सोप्यात स्पीकरवर असतो, शेजारी अण्णा बसलेले असतात, आणि आपण सगळे पावसाबद्दल आणि द्राक्षांवरच्या डावणी रोगाबद्दल बोलतो. तू फोन घेऊन अंगणात गेलास की आई गप्प होते, ते मला इथे ऐकू येतं. ऑफिसातली एक मैत्रीण परवा पुण्याला निघालीय, तिच्या हाती हे देतेय. ती वहिनीच्या शाळेच्या पत्त्यावर कुरियर करेल.

आईला सांग, मी जेवते. ज्वारीचं पीठ मिळतं, आज दोन भाकऱ्या केल्या. थंडी आहे, पण घर गरम असतं. साडेचार-पाचलाच अंधारून येतं, त्याचीही सवय झालीय. तिने त्यावरून डोळ्यांत पाणी आणायचं कारण नाही.

आईला इथली एक गोष्ट मात्र सांग, तिला खरी वाटणार नाही. इथे घरोघरी वाढदिवसांचं एक वेगळं कॅलेंडर असतं आणि ते संडासात टांगतात. खरंच. बसल्यावर समोर दिसेल असं, दाराच्या आतल्या बाजूला. त्यावर महिने आणि तारखा असतात, वार नसतात आणि सालही नसतं, त्यामुळे एकच कॅलेंडर वर्षानुवर्षं चालतं. घरच्यांचे, मित्रांचे, शेजाऱ्यांचे वाढदिवस पेनने लिहायचे आणि महिना संपला की पान उलटायचं. कोणी वारलं तर काही जण नाव खोडतात, काही जण तसंच ठेवतात. पहिल्या वर्षी मला हे किळसवाणं वाटलं होतं. देवाच्या कॅलेंडरला आपण पाय लागू देत नाही आणि ही माणसं आई-बापाची नावं संडासात लिहितात! शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं, दिवसातून चार वेळा नजर पडते, म्हणून कोणाचा वाढदिवस विसरत नाही. दुसरी गंमत म्हणजे वाढदिवस ज्याचा असेल त्याचं तर अभिनंदन करतातच, पण त्याच्या आईचं, बायकोचं, भावाचं, घरात हजर असेल त्या प्रत्येकाचं हात हातात घेऊन अभिनंदन करतात. म्हणजे तुझ्या वाढदिवसाला आले तर वहिनीला म्हणतील, "तुझ्या नवऱ्याबद्दल अभिनंदन." ते माणूस तुमच्याकडे आहे, म्हणून.

मीही तसं कॅलेंडर लावलंय. तुम्हा सगळ्यांच्या तारखा आहेत त्यावर. 4 नोव्हेंबरला संध्याकाळी काकू भाजीची वाटी परत द्यायला आल्या होत्या. आत जाऊन आल्या आणि दोन्ही हातांनी माझा हात धरून म्हणाल्या, "वडिलांबद्दल अभिनंदन." दादा, दुपारीच तू बायोप्सीच्या रिपोर्टचा फोटो पाठवला होतास. मी थँक्यू म्हणाले आणि त्यांना चहा केला.

आता मुद्द्याचं. तू गुरुवारी चिडून म्हणालास, "तिकडं बसून सल्ले द्यायला काय जातंय." तुझं बरोबर आहे. ॲसिडिटीची गोळी आणायला रात्री अकराला तासगावात जातोस तो तू. पण मी नुसती बसलेली नाही. रिपोर्टमधला शब्द न् शब्द वाचला, इथल्या ओळखीच्या मराठी डॉक्टरीण बाईंना दाखवला, आणि जे कळलं ते लिहितेय.

चौथी स्टेज म्हटल्यावर आईने हातपाय गाळले. मीही गाळले होते. पण तोंडाच्या कॅन्सरमध्ये चौथ्या स्टेजचे ए, बी, सी असे भाग असतात. अंगभर पसरलेला तो सी. अण्णांचा ए आहे. गालाच्या आतून निघून खालच्या हिरडीतून जबड्याच्या हाडात गेलाय म्हणून आकडा मोठा झाला. मानेत एक लहान गाठ आहे, आणि स्कॅनमध्ये फुप्फुसं स्वच्छ आहेत. ऑपरेशन होऊ शकतं आणि बरं करायच्या हिशेबानेच करतात. ही सोपी गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. पण "आता काय उरलंय" असं आत्या म्हणतात, तसंही नाही.

आत्यांना दुखवू नकोस, पण सुई लावली म्हणून गाठ चवताळली हे खरं नाही. बायोप्सीने पसरत नाही. गणपतीत अण्णांनी खर्डा बाजूला सारला होता तेव्हाच तो गालात होता. मी व्हिडिओवर बघत होते. ते भाकरी दुधात कुस्करून खात होते, घास लहान लहान करून. "अण्णा, दात दुखतोय का?" एवढंच विचारलं मी. तोंड दोन बोटंही उघडत नाही हे वहिनीने दसऱ्याला सांगितलं. मधला महिना माझ्याही हातून गेला, एकट्या तुझ्या नाही. म्हणून त्या वैद्यांच्या काढ्याला महिनाभर देऊन बघू, यावर मी नाही म्हणतेय. काढा वाईट म्हणून नव्हे. तो महिना आपल्याकडे नाही.

पुण्याच्या भाऊंनी सांगितलेल्या घरी बसून घ्यायच्या गोळ्याही खऱ्या आहेत. मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब. मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्याच डॉक्टरांनी त्यांचा मोठा अभ्यास केला, 2020 साली छापून आला. पण ते पेशंट बरे होण्याच्या पलीकडे गेलेले होते. शिरेतून सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध घेणाऱ्यांपैकी निम्मे साधारण 6 महिने जगले, गोळ्यांवरचे निम्मे साडेसात. त्या माणसांसाठी ते फार मोलाचं आहे. स्वस्त आहे, घरी राहता येतं. अण्णांचं ऑपरेशन होऊ शकत असताना त्यांना त्या रांगेत आपणच का उभं करायचं?

तू विचारलंस, दुखतोय गाल तर मान कशाला कापायची. हा प्रश्न डॉक्टरांनाही कित्येक वर्षं पडलेला होता. परळच्या टाटामध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या गटाने तो तपासला. सुरुवातीचा कॅन्सर, मानेत गाठ लागत नाही, अशा पेशंटांचे दोन गट केले. मानेतल्या ग्रंथी लगेच काढलेल्यांपैकी 3 वर्षांनी 80 टक्के जिवंत होते. गाठ आल्यावर बघू म्हणून थांबलेल्यांपैकी साडेसदुसष्ट. 2015 साली हे प्रसिद्ध झालं. अण्णांच्या मानेत तर गाठ दिसतेच आहे. तेव्हा मानेचंही ऑपरेशन होणार.

ऑपरेशन कसलं असतं तेही लिहिते, तुला कोणीतरी सरळ सांगायला हवं. जबड्याचा तुकडा आणि गालाचा आतला भाग काढतील. पायाचं हाड नाहीतर छातीचं, मांडीचं मांस घेऊन तिथे बसवतील. आठ-दहा तास लागतात. काही दिवस नाकातून नळीने जेवण, गळ्याला श्वासासाठी भोक, ते नंतर बुजतं. चेहरा बदलेल, बोलणं थोडं जड होईल. जखम भरली की सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं, साधारण 30 वेळा, शनिवार-रविवार सोडून रोज. त्याआधी दाताचा डॉक्टर, कारण किडलेले दात आधीच काढावे लागतात. रेडिएशनमध्ये तोंड सोलवटून निघतं, त्या दिवसांत वहिनीच्या पेजेचाच आधार. तोंड उघडायचा व्यायाम आइस्क्रीमच्या काड्यांनी करतात. एकावर एक काड्या दातांत धरायच्या आणि दर आठवड्याला एक वाढवायची.

तंबाखू आजपासून बंद. जखम भरायलाही ते लागतं. पण त्यावरून आईने त्यांना बोलू नये. पुडी आणि चुन्याची डबी आणायला मला पाठवायचे ना, आणि उरलेल्या सुट्ट्या पैशांची मला गोळी मिळायची. डाव्या तळव्यावर मळून, दोन टाळ्या देऊन, चिमूट नेमकी उजव्या गालात. तो हात मला डोळे मिटले तरी दिसतो.

सांगलीचे ते सर्जन "परवाच ॲडमिट करा, सात लाख" म्हणाले तेव्हा तू घाबरून हो म्हणत होतास. मी असते तर मीही म्हटलं असतं. पण एकदा परळला दाखवूनच या. तिथे एकटा सर्जन ठरवत नाही. सर्जन, रेडिएशनचे आणि किमोचे डॉक्टर एकत्र बसतात. रांग लांब आहे हे खरं, आणि त्यांनी फार पुढची तारीख दिली तर त्यांचंच मत घेऊन मिरजेत करू. महात्मा फुले योजनेत घराला वर्षाला 5 लाखांपर्यंत मिळतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन मिरजेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला आजच विचार. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. तासगावच्या बऱ्याच लोकांना माहीत असेल. रात्री महालक्ष्मीत बसलात की सकाळी दादर.

एवढं सगळं लिहिलं, पण मला जे सांगायचंय ते पुढे आहे. हे अण्णांना सांगूया, दादा.

मागच्या सोमवारी तू बागेत होतास, आई देवळात. त्यांनी स्वतः फोन लावला. आधी छाटणीनंतर फूट कशी आलीय ते सांगितलं. मग म्हणाले, "बाळ, त्या तुकड्यात काय आलं गं?" मी म्हणाले, इन्फेक्शन आहे अण्णा. ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बरं. पण फवारायच्या आधी रोग कंचा ते तर बघाय लागतंय." आणि फोन ठेवला.

चाळीस वर्षं बाग केलेल्या माणसाला पानावरचा ठिपका बघून कळतं. त्यांना आपल्या तोंडातलं कळत नसेल? आपण त्यांच्यापासून लपवतोय आणि ते आपल्यासाठी लपवतायत. एके दिवशी शुद्धीवर येतील तेव्हा अर्धा जबडा नसेल, आणि कोणी त्यांना विचारलेलंही नसेल. मला हे सोसवत नाही. ते खचतील, हाय खातील, ही तुझी भीती मला कळते. इथे डॉक्टर आधी पेशंटशीच बोलतात. काकूंच्या नवऱ्याच्या वेळी त्या शेजारी बसून नुसत्या ऐकत होत्या, असं त्या सांगतात. तसं कोरडेपणाने सांगावं असं मी म्हणत नाही. तू सांग, संध्याकाळी मोटर बंद करून परत येताना, बांधावर बसून. आजार सांग, उपाय आहे हे सांग, चेहरा बदलेल हेही सांग, आणि मग विचार, "अण्णा, तुमचं काय म्हणणं?" ते म्हणाले करूया, तर करूया. नको म्हणाले तर का नको ते ऐकू, आणि परळच्या डॉक्टरांपुढे तेच त्यांना बोलू दे. आपण पाचजणांनी पाच ठिकाणी विचारलं, त्यांना सोडून.

मी 28 तारखेचं तिकीट काढलंय. आधी का नाही, असं आई मनात म्हणत असेल. नोकरीचा करार डिसेंबरअखेर वाढायचा आहे आणि माझं इथलं राहणं त्याच्यावर आहे. साहेबांनी तीन आठवडे दिलेत, त्यातला एक घरून काम करून. तीन आठवडे म्हणजे काहीच नाही, मला कळतंय. ऑपरेशन होईल, रेडिएशनला मी नसेन. ते सगळं तुझ्या आणि वहिनीच्या अंगावर पडणार, तेही घड औषधात बुडवायच्या आणि विरळणीच्या दिवसांत. माणसं लावा, मजुरीचे पैसे मी देते.

पैशांचं. साडेचार लाख काल तुझ्या खात्यावर टाकलेत, दोन-तीन दिवसांत दिसतील. अजून तीन आहेत. ते फ्लॅटसाठीचे का वगैरे विचारू नकोस. ओढ्याकडचा एकर विकायचा नाही. सोसायटीचं नवीन कर्जही काढू नकोस. आणि आईच्या पाटल्या गहाण ठेवायचं चाललंय असं वहिनी बोलून गेल्या, त्या आजच परत कपाटात ठेवा.

लग्नाचं. "अण्णांच्या डोळ्यांदेखत" म्हणून ते कराडचं स्थळ महिन्यात उरकायचा मामांचा विचार मला कळला. मला ते नको आहे. त्यांचे डोळे पुढेही आहेत, असं धरूनच आपण चाललोय ना? दुसरंही एक आहे. इथे एकजण आहे, लातूरकडचा, शेतकऱ्याच्याच घरातला. आपल्या जातीतला नाही. दीड वर्ष झालं. वहिनींना माहीत आहे, त्यांच्यावर रागावू नकोस, मीच शपथ घातली होती. अण्णांना मी स्वतः सांगेन, आल्यावर, त्यांची तब्येत बघून. त्यांच्याशी खरं बोला असं तुला लिहिताना माझंही लपवलेलं राहू नये, म्हणून लिहिलं.

ती. आईस सा. न. सोनूला गोड पापा, त्याची चित्रांची वही मिळाली. अण्णांना नमस्कार सांग. तू त्यांच्याशी बोललास की हे पत्र त्यांनाच वाचायला दे. चष्मा रेडिओच्या मागे असतो.

तुझी,
वर्षा

ता. क. परळला जाताना नुसता बायोप्सीचा कागद नेऊ नकोस. लॅबमधून काचेच्या स्लाइडी आणि मेणाचे ब्लॉक मागून घे, ते पुन्हा तपासतात. स्कॅनची सीडीही घे. आणि अण्णांची कानटोपी, गाडीत गार लागतं त्यांना.