गिरगावच्या नानांना, जाहीर आभार

ती. नाना,
सा. न.

गिरगावातल्या खोल्यांच्या भाड्यांवरच्या माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचा उल्लेख 'एक माहितगार' एवढाच आहे. "नाव घालू नकोस, मालकांच्या मुलांना आवडायचं नाही," असं तुम्हीच बजावलं होतं. इथेही घालत नाही. पण कालिनाच्या विद्यापीठातल्या मार्गदर्शकांपासून टंकलेखकापर्यंत सगळ्यांचे आभार नावानिशी मानले आणि तुमचे तेवढे राहिले, हे मनाला लागून आहे.

शहराच्या मध्यापासून लांब जावं तसं जागेचं भाडं उतरत जातं, हे विल्यम अलोन्सोनं 1964 मध्ये मांडलेलं सूत्र मी आजही नागरी अर्थशास्त्राच्या वर्गात सुरुवातीलाच शिकवते. मालकांसाठी भाडं वसूल करताना तुम्ही फाडलेल्या भाडेपावत्या मात्र उलटंच सांगत होत्या. गिरगावात खोलीचं भाडं दोन आकडी, आणि विरारला त्याच्या कितीतरी पट! 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी 1940 च्या पातळीवर बांधून ठेवली, हे वाचलेलं होतं. मग जागेची खरी किंमत गेली कुठे? पागडीत, म्हणजे खोली ताब्यात घेताना भाड्याशिवाय मोजायच्या एकरकमी पैशांत, हे तुम्ही दाखवलंत. खोली सोडणाऱ्याला किती, त्यातला मालकाचा वाटा किती, पावती अजून आजोबांच्याच नावावर असली तर काय, सगळं.

पण पागडीचा आकडा लोकांकडून काढायचा कसा? जुन्या कायद्यात पागडी घेणं गुन्हा होता. 1999 च्या कायद्यानं तो व्यवहार मान्य केला, तरी जिभा काही सैल झाल्या नाहीत. तेव्हा तुम्ही म्हणालात, "स्वतःच्या खोलीचं कुणी सांगणार नाही. शेजारच्या खोलीचं विचार." नमुना पाहणीच्या कुठल्याही पुस्तकात मला हे सापडलेलं नाही. माझ्या प्रबंधाची दोन प्रकरणं त्यावर उभी आहेत.

भाड्यात डागडुजी भागत नाही, म्हणून मालक हात लावत नाही, म्हणून 1969 च्या कायद्यानं जुन्या इमारतींवर उपकर आणि त्यांच्या डागडुजीसाठी सरकारी दुरुस्ती मंडळ. खोली सोडली तर तशी पुन्हा मिळायची नाही, म्हणून मुलाला ठाण्याला नोकरी लागली तरी बिऱ्हाड इथेच आणि रोजची लोकल. जन्मभर भाडेवसुली केलेल्या माणसानं हे जिन्याच्या पायरीवर बसून, तंबाखू मळत सांगितलं. मी फक्त त्याला समीकरणं जोडली.

पुढे तासिका तत्त्वावरची वर्षं आली (त्याबद्दल न बोललेलं बरं), मग कायम नोकरी. मुलाखतीत मला पागडीवरच सर्वात जास्त प्रश्न आले, आणि उत्तरं बरीचशी तुमचीच होती.

आता एक विनंती. दिवाळीनंतर एम. ए.ची मुलं घेऊन येईन म्हणते. पावत्यांची जुनी पुस्तकं अजून असतील तर काढून ठेवाल? काकूंना म्हणावं, चहाचा घाट घालू नका. जिना टेकूंवर आहे असं ऐकलं, तेव्हा चार-चार जणांनाच वर पाठवीन.

तुमची,
पावत्या उतरवून घेणारी मुलगी