घरी परतण्याआधी: सर्व सभासदांसाठी सूचना

त्सुनामीचा इशारा मागे घेतल्याचं अधिकृतपणे जाहीर झाल्याशिवाय कोणीही खाली उतरू नये. पाणी ओसरलेलं दिसतंय, म्हणून निघालो, असं नको. लाटा एकामागून एक येतात. दोन लाटांमध्ये कधी पाच मिनिटं जातात, कधी तासाहून जास्त. 1964 साली कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीत पहिल्या लाटांनंतर काही जण दुकानं आवरायला परतले, आणि चौथी लाट सर्वांत मोठी निघाली.

परवानगी मिळाली की दिवसाउजेडी या. मुलांना पहिल्या फेरीला आणू नका. भिंतीला तडे गेले असतील, घर पायावरून सरकलं असेल, तर उंबरठ्याच्या आत पाऊल टाकू नका. तपासणी होऊ द्या. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका, लगेच बाहेर पडून कळवा. मेन स्विच ओल्यात उभं राहून हाताळायचा नाही. अंधारात टॉर्चच, मेणबत्ती नको.

जाड तळाचे बूट घाला. चिखलाखाली खिळे, काचा असतात, आणि कपाटामागे साप बसलेला असू शकतो. काठीने आधी चाचपा.

पुराचं पाणी लागलेलं अन्न सरळ टाका, वरून कितीही चांगलं दिसो. विहिरीचं पाणी तपासणीशिवाय पिऊ नका. खारट पाणी उकळून गोड होत नाही.

आवराआवरीआधी फोटो काढा, विम्याला लागतात. आणि हो, पोहोचलात की गटात एक ओळ टाका.